जयपूरचा शब्द: 21 ऑगस्टपर्यंत हिशेब द्या

परराष्ट्र मंत्रालयाने याला विनंती समजू नये. हा इशारा आहे.

21 ऑगस्ट 2015 रोजी आमच्या जयपुरात भारत-प्रशांत द्वीप सहकार्य मंचाची दुसरी परिषद भरली. फिजी, किरिबाटी, तुवालू, मार्शल बेटे, वानुआतू अशा 14 बेटराष्ट्रांना या शहरात शब्द दिला गेला: स्वच्छ ऊर्जेसाठी साथ देऊ, आणि आमचे नौदल किनाऱ्यांवरची पाळत व सागरी सर्वेक्षण यांत मदत करील. पुढे 22 मे 2023 रोजी पोर्ट मोर्सबीत, मंचाच्या तिसऱ्या परिषदेत, आणखी घोषणा झाल्या. प्रत्येक देशातल्या एका सरकारी इमारतीवर सौरसंच बसवण्याची घोषणा त्यांतलीच.

दिल्ली ऊर्जा आणि सुरक्षा यांच्या वेगवेगळ्या फायली ठेवते. बेटांना ते परवडत नाही. तिथली बरीचशी वीज आजही जहाजातून येणाऱ्या डिझेलवर होते. जहाज अडले की दवाखान्यातला दिवा अडतो. नाउरूत 2018 साली झालेल्या बोए जाहीरनाम्यात या देशांनी स्वच्छ लिहिले आहे की हवामानबदल हाच त्यांच्या सुरक्षेला सर्वांत मोठा धोका आहे. एप्रिल 2022 मध्ये सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला, तेव्हा मोठ्या राजधान्यांना ही बेटे एकदम आठवली. ती चीनच्या धास्तीने आठवावीत, याची आम्हाला चीड आहे.

त्याहून गंभीर गोष्ट हेगमध्ये घडली. वानुआतूच्या पुढाकाराने हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. डिसेंबर 2024 मध्ये भारताने तिथे सांगितले की सध्याच्या हवामान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने घालू नयेत. हवा बिघडवली श्रीमंत देशांनी, हे भारताचे म्हणणे खरेच आहे. पण बुडणाऱ्याच्या दाव्यात आपला वकील हात आखडता घ्या म्हणून उभा राहिला, हेही तितकेच खरे. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले: राष्ट्रांची जबाबदारी त्या करारांपुरती संपत नाही.

काम होऊ शकते, याचा पुरावा जयपूरहून फार लांब नाही. अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियात, बेअरफूट कॉलेजात, अक्षरओळख नसलेल्या आज्या सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात. प्रशांत बेटांवरच्या बायाही तिथे शिकून गेल्या. आता प्रत्येक घोषणेचे काय झाले ते सांगा. किती छतांवर संच बसले, त्यांतले किती आज चालू आहेत, सुटे भाग कोण पुरवतो, नौदलाच्या मदतीवर किती खर्च झाला आणि विजेवर किती?

येत्या 21 ऑगस्टपर्यंत हा हिशेब देशनिहाय जाहीर करा. नाही केला, तर 22 तारखेला घोषणेगणिक एक माहिती अधिकाराचा अर्ज मंत्रालयात दाखल होईल. मिळालेले प्रत्येक उत्तर, आणि उत्तर नाकारल्याचे प्रत्येक पत्र, दिल्लीतल्या फिजी व पापुआ न्यू गिनीच्या उच्चायुक्तालयांत आम्ही पोहोचवू. चौथ्या परिषदेचे निमंत्रण त्यांच्या हाती पडण्याआधी.