खुराड्याजवळचे वेठबिगार

पुण्याच्या परसात पुन्हा कोंबड्या आरवू लागल्या आहेत. 2017 मध्ये धायरी आणि 2021 मध्ये किरकटवाडी महापालिकेत आली, पण गावातली खुराडी काही हलली नाहीत. उलट शेजारचे बंगलेवालेही गावरान अंड्यांच्या हौसेपायी गिरिराज, कडकनाथ पाळू लागले. हौसेला मोल नसतं, असं म्हणतात. पण ते मोल इथे कोण मोजतं, ते एकदा बघा.

दाण्यामागे उंदीर येतात, पाठोपाठ घुशी. अंडी पळतात, सकाळी पिलांचे पाय कुरतडलेले दिसतात. मग मालक काय करतो? रात्रभर उघडा पडलेला भरडा पत्र्याच्या डब्यात भरतो? खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी मारतो? मागच्या नाल्यात शिळं टाकायचं थांबवतो? छे! तो कुणाकडून तरी मांजराचं पिल्लू उचलून आणतो.

आणि त्याला उपाशी ठेवतो. ‘पोट भरलं तर उंदीर कशाला धरेल?’ हे आपलं पिढीजात शहाणपण, आणि ते साफ खोटं आहे. मांजर भरल्या पोटीही शिकार करतं, तो त्याचा स्वभावच. उपाशी मांजर मात्र आधी कोंबडीच्या पिलावर झडप घालतं, कारण ते सोपं. अंगावर धावून येणाऱ्या घुशीपुढे भलाभला बोका मागे सरतो. न्यूयॉर्कच्या एका कचरा केंद्रातल्या मांजरांवरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मांजरांनी मोठे उंदीर मोजकेच मारले. उंदीर फक्त जास्त लपून राहू लागले. पण आमच्या मालकाला चमत्कार हवा असतो. तो घडला नाही आणि पिलू गेलं, की मांजर चोर ठरतं. त्याला पोत्यात घालतात आणि नदीपलीकडे सोडून येतात.

प्लेगाच्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची मांजरं मोजवली. जिथे मांजरं पुष्कळ, तिथे प्लेग कमी, असं त्यांनी 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. परक्या डॉक्टरने आमची मांजरं मोजली. आम्हाला त्यांच्यापुढे वाटीभर पाणी ठेवायलाही जड जातं.

त्याहून निर्लज्ज प्रकार पुढे आहे. मांजर पाळायचं आणि त्याच परसात ब्रोमाडिओलोनच्या वड्याही टाकायच्या! या औषधाने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून हिंडतो. असा आयता सापडलेला उंदीर मांजर खातं आणि त्याबरोबर विषही. मग ‘कुठे गेलं कोण जाणे’ म्हणायला आपण मोकळे.

कुत्र्याची तऱ्हा वेगळी नाही. दत्ताच्या पायाशी कुत्रे, खंडोबाबरोबर कुत्रा, त्यांना आपण फुलं वाहतो. खुराड्याशेजारचा मात्र दोन हात साखळीला जन्मभर बांधलेला. साखळी संपते तिथून पुढे उंदीर खुशाल पळत असतो आणि हा भुंकून भुंकून घसा कोरडा करतो. पाण्याचं भांडं पालथं पडलंय, याकडे घरातल्या कुणाचं लक्षही नसतं. शेजारी त्याच्या भुंकण्याची तक्रार करतात, साखळीची कुणी करत नाही.

कुत्र्याला कायम बांधून ठेवून फिरवायचंच नाही, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जनावर वाऱ्यावर सोडणं हाही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्यात पुण्यात अर्धा डझन गावरान अंडीसुद्धा येत नाहीत.