पावती कुठे आहे?



गेल्या रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, चहा सुरू होता. आमच्या गल्लीतला बारावीतला एक मुलगा मोबाईल घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "काका, हे बघा. गांधीजी गोडसेच्या गोळीने गेलेच नाहीत. चौथी गोळी दुसऱ्याच कुणीतरी मारली." मोबाईलवर एक गृहस्थ तावातावाने बोलत होते, मागे ढोल वाजत होते. दुसरा मुलगा म्हणाला, "छे, ते पंचावन्न कोटींमुळे झालं." तिसरा म्हणाला, "तसं काही नाही. सरकारनंच मुद्दाम मारू दिलं." पाच मिनिटांत एकाच माणसाचे तीन वेगवेगळे खून झाले!

मी एवढेच विचारले, "पावती कुठे आहे?"

पोरे हसली. कारकून माणूस दुसरे काय विचारणार? पण बांधवांनो, बी.कॉम.ला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले की व्हाउचर नसेल तर नोंद नाही. रोजकीर्दीत मेळ लागत नसेल तर तो फरक सस्पेन्स खात्यात ठेवायचा. कागद सापडेपर्यंत तो तिथेच राहील, पण उगाच कुणाच्या नावावर टाकायचा नाही. पाच रुपयांसाठी आपण हा नियम पाळतो. मग एखाद्यावर खुनाचा आळ घेताना तो का पाळू नये?

कुणी म्हणेल, गांधींचे आणि आपले काय? येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांना कोणत्या परिस्थितीत करारावर सही करावी लागली ते आपण विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण मतभेद हा मतभेदाच्या जागी आणि खून हा खुनाच्या जागी. शिवाय या खुनाचे धागे आपल्याच पुणे शहरातून गेले आहेत. आणि अफवेवर विश्वास ठेवण्याच्या सवयीने आपल्या स्वतःच्या घरातही एक मोठा अन्याय झाला आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी कागद पाहू.

ज्यांची पावती आहे अशा नोंदी या. ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला हाऊसमध्ये प्रार्थनेला जाताना गांधींवर पुण्याच्या नथुराम गोडसेने समोरून तीन गोळ्या झाडल्या. तो जागीच पकडला गेला आणि गुन्हा त्याने नाकारला नाही. लाल किल्ल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम आणि नारायण आपटे यांना फाशीची शिक्षा झाली, ती अंबाल्याच्या तुरुंगात १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अमलात आली. गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा यांना जन्मठेप झाली. डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या अपिलात सुटले. पुण्यात हत्यारांचा धंदा करणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला.

आता पोरांच्या तीन गोष्टी घेऊ.

पहिली चौथ्या गोळीची. १९४८ च्या काही वर्तमानपत्रांत चार गोळ्यांचा उल्लेख आला होता. त्यावरून कुणी दुसरा मारेकरी होता, परदेशी गुप्त संघटनेचा हात होता, असे म्हणत फेरतपासाची मागणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने ती हसण्यावारी नेली नाही. २०१७ साली ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना मदतीसाठी नेमले आणि जुने कागद तपासायला सांगितले. त्यांनी ते तपासले आणि दुसऱ्या मारेकऱ्याचा पुरावा नाही असा अहवाल दिला. मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. म्हणजे मागणी झाली, ऑडिट झाले, फरक निघाला नाही. खाते बंद. पण मोबाईलवर ते अजून उघडेच आहे!

दुसरी पंचावन्न कोटींची. पाकिस्तानला द्यायच्या रकमेसाठी गांधींनी उपोषण केले, म्हणून संतापाच्या भरात खून झाला, असे आजही सांगितले जाते. कारकुनाला तारखा विचारा. उपोषण जाहीर झाले १२ जानेवारी १९४८ ला, सुरू झाले १३ ला, आणि रक्कम देण्याचा निर्णय झाला १५ ला. पण बडगेच्या साक्षीप्रमाणे आपटेने पुण्यात त्याच्याकडे हातबॉम्ब, स्फोटके आणि रिव्हॉल्व्हरची मागणी केली ती १० जानेवारीला! माल आधी मागवला आणि कारण नंतर घडले, असा हिशेब कोणत्या वहीत बसतो? त्याहून मागे जा. २५ जून १९३४ रोजी याच पुण्यात नगरपालिकेच्या समारंभाला निघालेल्या गांधींची समजून एका मोटारीवर बॉम्ब टाकला गेला. तेव्हा पाकिस्तान नव्हते, पंचावन्न कोटी नव्हते. तेव्हा गांधी अस्पृश्यतेच्या विरोधात दौरा करत होते. तो बॉम्ब कुणी टाकला हे सिद्ध झाले नाही, म्हणून मी तो कुणाच्या नावावर टाकत नाही. पण तारीख आपल्या जागी उभी आहे.

तिसरी, सरकारने मुद्दाम मारू दिले ही. इथे थांबून नीट पाहिले पाहिजे, कारण अफवेने काय नुकसान होते ते इथेच दिसते.

खुनाच्या दहा दिवस आधी, २० जानेवारीला, बिर्ला हाऊसमध्ये स्फोट झाला आणि मदनलाल पकडला गेला. त्याच्या जबाबात पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. मुंबईत रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून ऐकलेले सारे दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातले. आता त्या संपादकाला ओळखणारी माणसे पुण्यातल्या पोलिसांत काय कमी होती? त्यातले दोघे-चौघे दिल्लीला पाठवून बिर्ला हाऊसच्या दारात उभे केले असते तरी पुरे होते. ते झाले नाही. पुण्याच्या सी.आय.डी.चे उपमहानिरीक्षक राणा दिल्लीत होते. २५ जानेवारीला जबाबाचे कागद घेऊन ते निघाले, पण विमानाने नाही. अलाहाबादमार्गे रेल्वेने मुंबईला पोहोचेपर्यंत २७ तारीख उजाडली. आणि मुंबईत तपास करणारे पोलीस उपायुक्त नगरवाला यांच्या मनाने काय घेतले होते? की एक मोठी टोळी गांधींना पळवून नेणार आहे! ते त्या टोळीच्या मागे राहिले. इकडे दोन माणसे पिस्तूल मिळवून दिल्लीला पोहोचली.

पाहिलेत ना? चुकीची कथा म्हणजे नुसती चहाबरोबरची करमणूक नाही. ती डोक्यात बसली की समोर पडलेला कागद दिसत नाही. हा निष्काळजीपणा होता, आणि तो नावानिशी, तारखेनिशी नोंदला गेला आहे. "मुद्दाम मारू दिले" असे म्हणणाऱ्याकडे मात्र पावती नाही. आणि त्या कथेचा परिणाम असा होतो की ज्यांनी प्रत्यक्षात हयगय केली त्यांची नावेच कुणी विचारत नाही.

ही नोंद कुठे सापडते? तीही गोष्ट पुण्याचीच. गोपाळ गोडसे वगैरे मंडळी सुटल्यावर १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यात त्यांच्या सत्काराला पूजा घातली गेली. अध्यक्षस्थानी होते 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर. त्यांनी भर सभेत सांगितले की नथुरामचा बेत आपल्याला आधीपासून माहीत होता. देशभर गहजब झाला. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी ती चौकशी पुरी करून १९६९ साली अहवाल दिला. कट रचणारे थोडे होते. पण कानावर आलेले, कुजबुजलेले आणि गप्प बसलेले किती होते, ते त्या अहवालात वाचावे. शिकल्यासवरल्या माणसांचे शहर हे!

सावरकरांच्या बाबतीत दोन नोंदी आहेत. विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्याला स्वतंत्र दुजोरा मिळाला नव्हता. पुढे कपूर आयोगाने, सगळी वस्तुस्थिती एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या कटाशिवाय दुसरी उपपत्ती टिकत नाही, असे लिहिले. तेव्हा सावरकर हयात नव्हते, आणि आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. कुणी पहिली नोंद लपवतो, कुणी दुसरी. प्रामाणिक माणसाने दोन्ही वाचून दाखवाव्यात. आपल्याला सोयीचे तेवढेच पान फाडून फिरवणे हीसुद्धा अफरातफरच.

आणखी एक. खुनानंतर पुण्यापासून साताऱ्या-कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. खुनाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता त्यांचीही. जातीवरून दोषी ठरवणे काय असते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? म्हणून आपण तरी त्याचे कौतुक करू नये.

आता आपल्या घरातले.

मे २००३ मध्ये माईसाहेब आंबेडकर गेल्या. मी तेव्हा बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होतो. बातमी मी आजीला वाचून दाखवली. आजी निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "तिनंच घातलं इख." मी विचारले, "आजी, तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "समदेच म्हनत्यात."

समदेच म्हणतात! ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आपले लोक उन्मळून पडले. बाप गेल्यावर पोराला कुणावर तरी राग काढायचा असतो. तो निघाला एका बाईवर, आणि ती बाई जन्माने ब्राह्मण होती. नागपुरात तिने बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली होती, हेही कुणी मोजले नाही. चौकशीची मागणी झाली, ती रास्तच होती. सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक होता असे गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत सांगितले. कुणाला ती चौकशी अपुरी वाटत असेल तर त्याने कागद मागावेत, २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. पण सरकारचा शब्द सोडून द्या. खुद्द बाबासाहेबांची पावती आहे! 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी एक प्रस्तावना लिहिली. तीत आपल्या दीर्घ आजाराचा उल्लेख करून, विझू लागलेली ज्योत पुन्हा पेटली ती आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असा निर्वाळा दिला. १९५७ साली ग्रंथ छापून आला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. पावती फाईलमधून गळाली आणि आळ मात्र वस्तीवस्तीत छापला गेला.

ज्यांना शक्य होते त्यांनी पुढे चूक सुधारली. पँथरच्या तरुणांनी माईसाहेबांना पुन्हा समाजात आणले. १९९० साली बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनीच स्वीकारले. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू त्यांनी आपल्या पुण्यातल्या सेनापती बापट रोडवरच्या संग्रहालयाला दिल्या. मुलांना घेऊन जरूर पाहून या.

हे सारे मी आजीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मग त्या बाईनं येवढी वर्सं कशी काढली असत्याल रं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. दुसऱ्यांच्या अफवांवर आपण बोट ठेवतो, ठेवलेच पाहिजे. पण आपल्या अफवेलाही तोच नियम लागतो. ऐकीव आहे म्हणून, चालत आले म्हणून, मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे कालामांना सांगणाऱ्या भगवंताची आपण लेकरे आहोत.

माता-भगिनींनो, घरात पोरगे असा काही व्हिडिओ दाखवू लागले तर त्याच्यावर ओरडू नका, मोबाईलही हिसकावू नका. तीन प्रश्न विचारा. हे कुणी, कधी सांगितले? कागद कुठे आहे? आणि हे खोटे निघाले तर कुणाचे नुकसान होईल? तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा.

त्या बारावीतल्या मुलालाही मी हेच सांगितले. दोन दिवसांनी तो संध्याकाळी दारात हजर. म्हणाला, "काका, तुमच्या १९३४ च्या बॉम्बची पावती दाखवा."

मला राग आला नाही, छाती फुगली. येत्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही दोघे ग्रंथालयात जाणार आहोत.

जयभीम!