अविकारी देव आणि आरोग्याची हमी

आपल्या ख्रिस्ती वस्त्यांमधून आरोग्यदानाच्या प्रार्थनासभांचे फलक लागलेले आता कोणालाही नवे वाटत नाहीत. फलकावर प्रवचनकाराचे मोठे छायाचित्र असते, खाली कर्करोगापासून कर्जबाजारीपणापर्यंतच्या व्यथांची यादी असते आणि सर्वांत वर, ख्रिस्त काल होता तोच आज आहे व सदैव तोच राहील, या आशयाचे इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातले वचन असते. त्यामागचा युक्तिवाद मोठा सोपा आहे. प्रभूने गालीलात आंधळ्यांना दृष्टी दिली, प्रभू बदललेला नाही, म्हणून आज सायंकाळी या मैदानावर तो तुम्हालाही बरे करील. आणि तसे घडले नाही तर? तर तुमचा विश्वास उणा पडला, किंवा तुमच्या घराण्यात कोणाचे तरी पाप दडलेले आहे! देव बदलत नाही, तेव्हा दोष रोग्याच्याच माथी जाणार, हे या युक्तिवादात आधीच ठरलेले असते.

हा युक्तिवाद खोटा आहे आणि तो निरुपद्रवीही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. देव अविकारी आहे याविषयी कोणा कॅथलिक माणसाच्या मनात शंका नसावी. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने आणि 1870 मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने हे सत्य श्रद्धेचा भाग म्हणून निःसंदिग्ध शब्दांत मांडले आहे. प्रश्न आहे तो निराळाच. देवाच्या ठायी जे बदलत नाही ते नेमके काय? त्याचा स्वभाव, त्याचे प्रेम, त्याचा शब्द. की आपल्या गरजेपुरती आपण निवडून घेतलेली त्याची एखादी कृती?

ज्या वचनाचा फलकावर एवढा गाजावाजा होतो, त्याच्या मागच्या-पुढच्या ओळी कितीजण वाचतात? ते वचन तेराव्या अध्यायातील आठवे. त्याच्या लगेच आधी लेखक वाचकांना त्यांच्या दिवंगत पुढाऱ्यांचे स्मरण करायला सांगतो. ते कसे जगले, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला हे पाहून त्यांच्या श्रद्धेचे अनुकरण करावे, असा त्याचा उपदेश आहे. आणि लगेच नंतर, नाना प्रकारच्या विलक्षण शिकवणींनी वाहवत जाऊ नका, असा इशारा आहे! दोनच अध्याय मागे श्रद्धावंतांची नामावळी येते. तिच्यात सिंहांची तोंडे बंद करणारे आहेत, तसेच दगडमार सोसलेले, करवतीने चिरले गेलेले आणि रानोमाळ निर्वासितासारखे भटकलेलेही आहेत. दोघांच्याही श्रद्धेची प्रशंसा लेखक एकाच दमात करतो. वाचलेल्यांची श्रद्धा भरभक्कम आणि मेलेल्यांची तोकडी, असे तो कोठेही म्हणत नाही. म्हणजे जे वचन मृत्यूच्या छायेत उभ्या असलेल्या छळग्रस्त मंडळीला धीर देण्यासाठी लिहिले गेले, त्याचे आपण औषधाच्या बाटलीवरील हमीपत्र करून टाकले.

नव्या कराराची इतरही पाने या हमीपत्राला दुजोरा देत नाहीत. संत पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा प्रभूची विनवणी केली. काटा गेला नाही; तो सोसण्यास पुरेल एवढी कृपा मात्र मिळाली. त्याचा सहकारी त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलाने त्याला मिलेतात तसेच ठेवून पुढचा प्रवास केला. पोटाच्या विकाराने त्रस्त झालेल्या तीमथ्याला, थोडा द्राक्षारस घेत जा, असा अगदी घरगुती सल्ला त्याने दिला. आणि सर्वांत मोठे उदाहरण गेथशेमनीचे. हा प्याला टळावा म्हणून खुद्द देवपुत्राने प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. मैदानावरच्या वक्त्यांना मी नम्रपणे विचारतो : येशूचा विश्वास कमी पडला होता काय? त्याच्या घराण्यात कोणते पाप दडले होते?

आपल्या संतांचे जीवनही हेच सांगते. लूर्द येथे 1858 साली पवित्र मरियेने जिला दर्शन दिले ती बर्नादेत स्वतः दमा आणि क्षयाने झिजत 1879 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी वारली. तिच्याच हातांनी उकरलेल्या झऱ्यावर आजवर कोट्यवधी यात्रेकरू जाऊन आले. परंतु ख्रिस्तसभेने कसोशीने तपासून चमत्कार म्हणून मान्य केलेल्या तेथील रोगमुक्तीच्या घटना शंभराच्या आतच आहेत. चमत्कार घडतात हे ख्रिस्तसभा नाकारीत नाही. त्यांचे वेळापत्रक छापणे तेवढे ती नाकारते. लिझ्यूची संत तेरेझा 1897 साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली आणि शंभर वर्षांनी तिला ख्रिस्तसभेच्या महापंडितांत स्थान मिळाले. त्याच 1897 च्या तीनशे वर्षे आधी, 5 फेब्रुवारी 1597 रोजी, आपल्या वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांना जपानात नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर खिळण्यात आले. देव त्यांच्या बाबतीत बदलला होता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. देव बदलतच नसेल तर प्रार्थना कशाला? हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली आणि त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले. निनवेकरांनी उपास केला आणि त्यांच्यावरचे अरिष्ट टळले. मग देवाने आपले मन बदलले नाही काय? याचे उत्तर योनाच्याच तोंडी आहे. निनवे वाचली म्हणून तो देवावर रुसतो आणि कबूल करतो की, तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, हे मला ठाऊक होते, म्हणूनच तर मी पळालो! देव दया करील हे योना आधीपासून जाणून होता. बदलली ती निनवे. देवाच्या सनातन करुणेने पश्चात्तापी नगराला वेगळा स्पर्श केला इतकेच. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच विचार काटेकोरपणे मांडला : देवाची योजना बदलावी म्हणून आपण प्रार्थना करीत नाही, प्रार्थनेच्या द्वारे जे द्यायचे असे देवाने योजले आहे, ते प्राप्त व्हावे म्हणून करतो. पेरणीवाचून पीक नाही, म्हणून काही पेरणारा शेतकरी ऋतूंचे मन वळवीत नसतो. प्रार्थना ही आपली पेरणी आहे.

या चुकीच्या शिकवणुकीने होणारे नुकसान केवळ पुस्तकी नाही. क्षयाचा रोगी एखाद्या सभेत ‘साक्ष’ देतो आणि चार-सहा महिने घ्यावयाच्या गोळ्या मध्येच सोडतो. रोग उलटतो आणि तोवर जंतू त्या औषधांना दाद देईनासे झालेले असू शकतात. आपण कॅथलिक ज्याला पवित्र शास्त्राचा भाग मानतो त्या सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय तर वैद्याचा मान राखायला सांगतो, औषधे जमिनीतून देवानेच निर्माण केली असे बजावतो. 14 सप्टेंबर 2000 रोजी रोमच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने आरोग्यप्रार्थनांविषयी सूचनापत्र काढले. तेव्हा त्या विभागाचे प्रमुख कार्डिनल रात्सिंगर होते. प्रार्थनेमुळे नैसर्गिक उपाय वर्ज्य होत नाहीत, उलट त्यांना उत्तेजनच मिळते, आणि अशा सभांत उन्माद, नाटकीपणा व सनसनाटी यांना थारा नसावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे हे सूचनापत्र किती धर्मग्रामांत वाचून दाखवले गेले?

याहून खोल जखम होते ती शोकाकुल घरात. ज्या मातेचे लेकरू प्रार्थनेनंतरही गेले, तिला, तुझाच विश्वास कमी पडला, असे सांगणे हे क्रौर्य आहे. मग ते कितीही गोड स्वरात सांगितलेले असो. ईयोबाचे तीन मित्र नेमके हेच करीत होते. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू लढवणाऱ्या या मित्रांवर.

आणि हा दोष केवळ मैदानावरच्या सभांचाच आहे असे मानून आपण हात झटकू नयेत. दर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे, बाहुल्या वाहिल्या जातात. कृतज्ञतेने वाहिलेल्या मेणबत्तीबद्दल माझे काही म्हणणे नाही. आईपुढे आपले दुखणे ठेवण्याची ती एक साधीभोळी भाषा आहे. पण, तू हे दे, मग मी ते देईन, अशी बोली आपण लावतो, तेव्हा ज्याला आपण अविकारी म्हणतो त्यालाच आपण किंमत पाहून मत बदलणारा व्यापारी ठरवीत असतो. नवसाने संतती होते या समजुतीची तुकोबांनी सतराव्या शतकातच खिल्ली उडवली. ते आपल्याला कळायला आणखी किती शतके जावी लागणार?

देवाच्या न बदलणाऱ्या स्वभावावर भिस्त ठेवणे म्हणजे निकालाची खात्री बाळगणे नव्हे. रोग हटला तरी आणि न हटला तरी, तो मला सोडून देणार नाही, ही ती खात्री आहे. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर आपण बदलत नसल्याचे सांगतो आणि त्यातून काढलेला निष्कर्ष एवढाच आहे की, म्हणूनच याकोबाची वाट चुकलेली संतती अजून नष्ट झालेली नाही. तेथे सुखसमृद्धीचे आश्वासन नाही. टिकून राहणाऱ्या नात्याचे मात्र आहे.

म्हणून आपल्या धर्मगुरूंकडे आणि धर्मग्रामातील कार्यकर्त्यांकडे माझे मागणे आहे. रुग्णांसाठी जरूर प्रार्थना करा, तैलाभ्यंगाचा संस्कार अखेरच्या घटकेपर्यंत लांबवू नका, आणि औषधे चालू ठेवा असे वेदीवरून मोठ्याने सांगा. जे बरे झाले त्यांची साक्ष अवश्य ऐका. पण जे बरे झाले नाहीत आणि तरीही दर रविवारी मिस्साला येऊन मागच्या बाकावर बसतात, त्यांनाही एकदा पुढे बोलवा. देव बदलत नाही म्हणजे काय, हे त्यांना अधिक नेमके ठाऊक असण्याचा संभव आहे.