किरणांची भीती अर्धवट नको

‘लहान मुलाला किरणोत्सर्गी इंजेक्शन? नकोच!’ पालकांची ही भीती समजते, पण मला ती अर्धवट वाटते. हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग मानेपुरताच आहे की पोटातही पसरला आहे, यावर उपचारांची तीव्रता ठरते. ‘पेट’ तपासणीत फ्लोरीन-१८ जोडलेली साखर टोचतात. या गाठी ती अधाशीपणे शोषतात. फ्लोरीनमधून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटताच दोघेही नाहीसे होतात. विरुद्ध दिशांना सुटलेले दोन गॅमा किरण गाठीची जागा सांगतात. फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटे. मित्रांनो, हिशेब करा: सुमारे १८ तासांनी उरतो जेमतेम हजारावा भाग! वाढत्या वयात किरण अधिक बाधतात, हे खरेच. म्हणून जोडीच्या सीटीची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे कमी ठेवली ना, हे पालकांनी जरूर विचारावे. तपासणीच नाकारू नये.