दशांश चिन्हाची जबाबदारी

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील मुलगी शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागली की तिच्यापुढे पहिली अडचण इंग्रजीची, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते औषधाच्या मात्रेचे गणित ही त्याहून गंभीर अडचण होय. तीन वर्षांच्या पदविकेस कला शाखेतील मुलींनाही प्रवेश मिळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांपैकी कित्येकींचा गणिताशी संबंध दहावीलाच सुटलेला असतो.

हे गणित कठीण आहे काय? मुळीच नाही. बारा किलो वजनाच्या मुलास किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यावयाचे, म्हणजे १८० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे औषध असल्यास साडेसात मिलिलिटर. २५० चे असल्यास केवळ ३.६. त्रैराशिक जाणणाऱ्या कोणासही हे साधेल. पण बाटली बदलली हे ध्यानात न आल्यास मात्रा दुपटीहून अधिक होते. इन्सुलिनची गोष्ट याहून भयंकर. मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले इन्सुलिन ४० युनिटांच्या सिरिंजने भरले, तर २० च्या खुणेपाशी प्रत्यक्षात ५० युनिट येतात!

१९५६ च्या कायद्याने देशाने दशमान पद्धती स्वीकारली, तेव्हा ग्रेन आणि ड्रॅम यांचा घोळ मिटला. मात्र दशांश चिन्ह एक घर सरकले की चूक दसपट होते, ही नवी जोखीम सोबत आली. परीक्षेत शंभरांपैकी नव्वद उत्तरे बरोबर येणे कौतुकाचे खरे. वॉर्डात उरलेली दहा उत्तरे म्हणजे दहा रुग्ण होत.

म्हणून केवळ सूत्र घोकून चालणार नाही. खरी बाटली व खरी सिरिंज हाती देऊन, प्रथम अंदाज आणि मग हिशेब, अशी सवय मराठीतून समजावून लावावयास हवी. या एका विषयात पूर्ण गुणांवाचून उत्तीर्ण करू नये. हवी तितकी फेरपरीक्षा घ्यावी. डॉक्टरांनीही अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य लिहिण्याची तसदी घ्यावी.

तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला सल्ला विचारावयास माणसे थोडी, आणि पुणे दूर. तेथे "पुन्हा एकदा मोजून पाहता का?" असे वरिष्ठांस विचारणाऱ्या विद्यार्थिनीची हेटाळणी होता कामा नये. विचारणे हा तिचा अधिकार आहे, आणि खाटेवरील रुग्णाचे तेच संरक्षण आहे.