खोकल्याचं सिरप: बाटलीवरचा बॅच नंबर का जपायचा?

सर्दी-खोकल्याचे दिवस आले की मेडिकलमधून सिरपची बाटली आणायची, ही घरोघरची सवय. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात अशाच एका सिरपने २० पेक्षा जास्त लेकरांचा जीव घेतला. परासिया भागातली अनेक मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्यातली बरीच वाचली नाहीत.

नेमकं काय झालं?

तमिळनाडूत तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन तब्बल ४८.६ टक्के सापडलं. मर्यादा आहे फक्त ०.१ टक्के. औषध विरघळवायला जो द्रव वापरतात, त्याच्यासारखंच हे रसायन दिसतं आणि चवीला गोड लागतं. पोटात गेलं की किडनी निकामी होते. मुलांना आधी साधा ताप-खोकला होता, नंतर लघवीच बंद झाली.

सिस्टरला ओळखता येईल का?

नाही. रंग, वास, चव पाहून कुणालाच हे कळत नाही. ते काम कारखान्याचं आणि औषध तपासणी यंत्रणेचं. पण गावातली सिस्टर आणि आशाताई दोन ठिकाणी जीव वाचवू शकतात.

पहिलं, औषध लागतंय का हे बघणं. लहान मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. केंद्राच्या आरोग्य विभागानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत. त्यापेक्षा मुलाचे श्वास मिनिटभर मोजणं महत्त्वाचं. दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनियाची शंका. मग सिरप नाही, थेट दवाखाना.

दुसरं, नोंद. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर थांबवायला सांगितलं होतं. ज्याच्या घरी मूळ बाटली, त्याला नंबर बघता आला. पण अर्धं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून दिलं असेल, तर नंबर कुठे शोधणार? म्हणून केस पेपरवर औषधाचं नाव, डोस आणि बॅच नंबर लिहिलेला असावा. लोकांनीही तो विचारावा. त्यात अपमान कसला?

घरी काय पाळायचं?

- शेजारच्या मुलाचं किंवा मोठ्यांचं उरलेलं सिरप देऊ नका.
- डोस स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही, बाटलीसोबतच्या मापानेच.
- बिल आणि मूळ बाटली जपून ठेवा.
- औषध सुरू असताना लघवी कमी झाली, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल सुस्तावलं, तर औषध थांबवा आणि बाटली घेऊनच दवाखाना गाठा.

कारखान्यावर कारवाई झाली, परवाना रद्द झाला. पण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने १४ रुग्ण गेले होते. जवळपास चाळीस वर्षांनी तेच घडतं, म्हणजे तपासणीची साखळी अजूनही कच्ची आहे. ती पक्की होईपर्यंत मुलाच्या तोंडात औषध जाण्याआधीचा शेवटचा पहारा सिस्टर आणि आई-बाप यांचाच.