२०० आलं म्हणजे सगळं आलबेल?

डाउनलोड टूल लिहिणं सोपं वाटतं, नाही का? सर्व्हरकडून येतील ते बाइट्स फाइलमध्ये ओतायचे, झालं! पण त्या बाइट्सच्या आधी सर्व्हर एक तीन आकडी कोड पाठवतो. माझं सरळ मत आहे: तो कोड वाचल्याशिवाय डिस्कवर काहीही लिहू नये.

कर्लचंच बघा ना. फाइल नसेल तर ४०४ येतो आणि सोबत 'पान सापडलं नाही' असं सांगणारं एचटीएमएल. कर्ल ते निमूटपणे तुम्ही दिलेल्या नावाने सेव्ह करतं आणि एक्झिट कोड देतं शून्य, म्हणजे 'यशस्वी'! 'फेल' हा पर्याय दिलात तरच २२ मिळतो. डब्ल्यूगेट मात्र न सांगता ८ देऊन मोकळं होतं. रात्री क्रॉनमधून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा फरक फार महागात पडतो.

खरी गंमत आहे रिझ्यूममध्ये. समजा ७०० एमबीपैकी ४०० उतरले आणि नेट गेलं. टूल रेंज हेडर पाठवून म्हणतं, "इथून पुढचं दे." उत्तर २०६ आलं तर पुढचा तुकडा जोडायचा. पण रेंज पाळायचं बंधन सर्व्हरवर नाही! २०० आलं तर त्याचा अर्थ, "पहिल्यापासून अख्खी फाइल देतोय." ती आंधळेपणाने जोडलीत तर ११०० एमबीची खिचडी तयार, आणि एरर एकही नाही. म्हणजे एरवी सगळ्यांचा लाडका २०० इथे धोक्याची घंटा असतो. मध्यंतरी फाइलच बदलली असेल तर? त्यासाठी इफ-रेंज हेडरमध्ये जुना ईटॅग पाठवावा. फाइल तीच असेल तर २०६, नाहीतर नवी फाइल पूर्ण.

उलट ४१६ दिसला की घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा फाइल आधीच पूर्ण उतरलेली असते. साइज ताडून बघा. ४२९ किंवा ५०३ आला तर रिट्राय-आफ्टर सांगेल तेवढं थांबा. ४०४ला मात्र दहादा विचारून काय मिळणार?

कोणी म्हणेल, "चेकसम तपासा की!" जरूर तपासा, असेल तर. पण चेकसम फक्त फाइल बिघडल्याचं सांगतो, तेही सगळं उतरल्यावर. सर्व्हरने तर पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.

टूल फेल झालं तर चालेल हो, माणूस पुन्हा प्रयत्न करतो. खोटं 'यशस्वी' मात्र चालणार नाही. कारण ते कळतं तेव्हा बॅकअप परत हवा असतो, आणि फाइल उघडल्यावर दिसतं 'पान सापडलं नाही'.